कंदिलाची रेघ

माय,

मागच्या रविवारी अमरावतीत तुझा फोटो भिंतीवर लागला होता. माझ्या उंचीपेक्षा वीतभर मोठा. त्यात तू दिसत नाहीस हे तुला ठाऊकच आहे, कारण तो फोटो तू एकदा पाहिलेला आहेस. पोस्टकार्डाएवढा होता तेव्हा. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही. तुला वाचता येत नव्हतं हे एक कारण, आणि मनातल्या मनात तुझ्याशी बोलणं कधी थांबलंच नाही हे दुसरं. पण रविवारी त्या हॉलमध्ये जे झालं ते नुसतं बोलून भागणार नाही. म्हणून राजापेठेतल्या माझ्या क्लासच्या खोलीत, शेवटची बॅच सुटल्यावर, खाली गाड्यांचे हॉर्न वाजत असताना हे लिहायला बसले आहे.

तो हिवाळा आठव. मी बावीस वर्षांची, अमरावतीला एम.एस्सी. करते, हॉस्टेलवर राहते, आणि संक्रांतीच्या आगेमागे आठ दिवसांसाठी तेल्हाऱ्याला घरी आलेली आहे. बाबा जिनात रात्रपाळीला. कापसाचा हंगाम संपेपर्यंत ते रात्री घरी नसायचेच. आपलं वावर दीड एकराचं. त्यात कांदा, मेथी, पालक, बांधाला झेंडू. त्या आठवड्यात मोटरीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती, दहाला यायची आणि पहाटे पाचला जायची, त्यामुळे ओलीत, वाफ्यांना पाणी देणं, तुझ्या वाट्याला. तू पदर खोचून, डोक्याला बाबांचा मफलर बांधून, एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात कंदील घेऊन निघालीस, तेव्हा मीही कॅमेरा घेऊन मागे निघाले. तो जुना, रिळाचा कॅमेरा एका स्टुडिओवाल्याकडून घेतलेला. कॉलेजच्या लायब्ररीत मी वाचलं होतं की, कॅमेऱ्याचं शटर दोन-दोन तास उघडं ठेवलं की पृथ्वी फिरते तशी एकेक चांदणी फिल्मवर आपली रेघ ओढत जाते. ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. वाटेत तू विचारलंस, रात्री कशाचा फोटो काढायचा असतो. मी म्हटलं, चांदण्यांचा. त्यावर तू म्हणालीस, थ्या उभ्या राहतात काय फोटोले? उभ्या राहत नाहीत म्हणूनच तर काढायचा, हे मी तुला वाटभर समजावून सांगितलं. तू हो-हो केलंस. तुझं लक्ष मोटर चालू झाल्याचा आवाज येतो का, तिकडे होतं.

मोटरीच्या खोलीजवळ मी तिपाई लावली आणि पुस्तकातला नकाशा बॅटरीच्या उजेडात उलटासुलटा करत ध्रुव शोधू लागले. उत्तरेला सातपुडा काळ्या पट्टीसारखा आडवा पडलेला. तू दोन वेळा माझ्याकडे पाहिलंस, मग फावडं ठेवून आलीस, हात लांब केलास आणि डोंगराच्या कडेवर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवून दाखवलीस. "याच्यावर पाह्य. थोच ध्रुव." अगदी तिथेच होता. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून एकवीस अंशांवर असतो, आणि लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंशांची, हे गणित मला त्या वेळी येत होतं; पण ते दोन मुठींत मावतं हे तू दाखवलंस तेव्हा कळलं. ईशान्येला बाज वर आली की अर्धं ओलीत उरकलं, तिकांडं, मृगातल्या त्या तीन चांदण्या, मावळतीला टेकलं की लाईन जायची वेळ झाली, असं तुझं घड्याळ. बाजेसाठी सप्तर्षी हा शब्द तू कधी वापरला नाहीस.

पहिल्या रात्री काहीच हाती लागलं नाही. दोन तासांनी बॅटरी लावून पाहिलं तर कॅमेऱ्याची काच दवानं पांढरी झालेली. मी इतकी हिरमुसले की तिथेच ढेकळावर बसून राहिले. तू आलीस, काचेवर बोट फिरवून पाहिलंस आणि म्हणालीस की याले थंडी वाजली. मला तुझा राग आला, कारण काचेवर आता तुझ्या बोटाचा डागही पडला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी झाल्यावर तू तवा चुलीवरून उतरवला नाहीस. त्यावर दोन मुठी जाडं मीठ टाकलंस. मीठ तडतडायला लागलं, सगळ्या स्वयंपाकघरात तो भाजका वास भरला. जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा घेऊन तू दोन पुरचुंड्या बांधल्यास, माझा लहानपणी कान दुखला की शेकायला बांधायचीस तशाच. म्हणालीस, एक कॅमेऱ्याच्या गळ्याले बांध, दुसरी शेकोटीजवळ ठेव, पहिली थंडी झाली की बदलजो. मी भौतिकशास्त्र शिकत होते. काच भोवतालच्या हवेपेक्षा जराशी कोमट ठेवली की तिच्यावर दव बसत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चुलीपाशी बसून ते करून दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

त्या रात्री साडेअकराला मी शटर उघडलं. काच कोरडी होती, आभाळ स्वच्छ होतं, चंद्र नव्हता. दहा मिनिटं झाली असतील, आणि खालच्या वाफ्यांमधून तुझा कंदील चालू लागला. थेट कॅमेऱ्यासमोर. मी धावतच बांधावर आले आणि ओरडले की कंदील विझव, नाहीतर दोन तास या बाजूला येऊ नकोस, माझा फोटो खराब होतो. तू दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेला घोट्यापर्यंत चिखलात उभी होतीस. फावडं टेकवलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. तू मला आयुष्यात फार वेळा रागावली नाहीस, म्हणून ते शब्द अजून जसेच्या तसे आठवतात.

"पाणी दांडात आलं. आता थे तुह्या फोटोसाठी थांबते काय? लाईन पाचले जाते. चांदन्या उद्याबी येतीन, कांद्याची पाळी उद्या येत नाही. अन् अंधारात इचू-काटा पायाखाली आला तं? तुले फोटो पाह्यजे, मले पाय पाह्यजे."

एवढं बोलून तू पुढच्या वाफ्याकडे वळलीस. मी तोंड फुगवून परत आले. शटर बंद करावं असं मनात आलं होतं. केलं नाही, तेही काही शहाणपणानं नाही. झालाच आहे खराब तर पूर्ण होऊ दे, असा हट्ट होता तो. पुरचुंड्या मात्र वेळेवर बदलत राहिले. दीड वाजता शटर बंद केलं. तू तेव्हाही खालीच होतीस.

दोन आठवड्यांनी अमरावतीहून फोटो धुऊन आणला आणि रविवारी घरी आले. तू चुलीसमोर बसून मेथीच्या जुड्या बांधत होतीस. हात पदराला पुसलेस आणि फोटो दोन्ही हातांनी धरलास. वर काळ्या आभाळात ध्रुवाभोवती गोल गोल रेघा, एकात एक, खाली सातपुडा, आणि त्याच्याही खाली, आपल्या वावरात, एक नारिंगी रेघ. इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाफ्यांच्या मापानं वळत गेलेली. तू बराच वेळ पाहत राहिलीस आणि विचारलंस, "मी कोठी हावो याच्यात?" मी सांगितलं की तू एका जागी उभी नव्हतीस, चालत होतीस, म्हणून तू उमटली नाहीस, तुझा कंदील उमटला. ही रेघ म्हणजे तू.

मग तू जे केलंस ते मी नंतर किती जणांना सांगितलं असेल. त्या रेघेवरून बोट फिरवत तू ती रात्र वाचून काढलीस. हा कांदा. इथून मेथी. इथं रेघ दुहेरी झाली, कारण खालचा वाफा भरला नव्हता म्हणून तू परत गेलीस. आणि या कोपऱ्यात रेघ जाड झाली, गाठ पडल्यासारखी, तिथं दांड फुटला होता. तिथं तू कंदील खाली ठेवून, बसून, हातांनी माती लिंपलीस, अर्धा तास तरी गेला असेल म्हणालीस. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी पन्नास पावलांवर होते. मी तुला ध्रुवाकडे बोट करून दाखवलं की नीट पाहिलं तर त्याचीही बारीकशी रेघ आहे, तोही अगदी स्थिर नसतो, थोडासा फिरतोच. तू हसलीस. म्हणालीस, "मंग त्यालेबी कोनी बसू देत नाही."

पुढचं लिहायला मला जड जातं, पण ते गाळलं तर हे सगळं खोटं होईल. त्याच वर्षी शहरातल्या एका स्पर्धेला मी तो फोटो पाठवला. स्टुडिओवाल्यानं पाहून सांगितलं की वरचं आभाळ पहिल्या नंबराचं आहे, खालचा उजेड तेवढा काढून टाक, तो डोळ्याला टोचतो. मी काढून टाकला. सातपुड्याच्या पायथ्याशी सरळ कात्री मारली. फोटोला खरंच पहिलं बक्षीस मिळालं आणि तो जिल्ह्याच्या पेपरात छापून आला. पेपर घेऊन मी घरी आले तेव्हा तू तो उंबऱ्यात बसून, उजेडाकडे धरून पाहिलास. खालच्या कडेवर तुझी नजर थांबलेली मी पाहिली. तू म्हणालीस, चांदन्या चांगल्या आल्या. तू विचारलंच तर काय सांगायचं ते मी तयार ठेवलं होतं, स्पर्धेच्या नियमात तसं बसत नाही वगैरे. ते कधी सांगावं लागलं नाही. नंतर आठवडी बाजारात तुझ्या दुकानाशी मी भाजी मांडायला मदत करत होते, तेव्हा पाहिलं की तू ते कात्रण घडी घालून पिशवीत ठेवलं आहेस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना काढून दाखवते आहेस. काय सांगत होतीस तेही ऐकलं. "हे आमच्या वावरावरचं आभाय हाय. माह्या पोरीनं काढलं." रेघ गेली तरी आभाळावरचा हक्क तू सोडला नव्हतास.

त्यानंतर मी पुष्कळ फिरले, माय. क्लास सुरू केला, गणित शिकवते, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मात्र माझ्या. नवरा सुरुवातीला सोबत यायचा. आता तो घर सांभाळतो आणि मी पोहोचल्याचा फोन तेवढा मागतो. जैसलमेरच्या वाळूत, लडाखला, कोकणातल्या एका दीपगृहापाशी, आणि आपल्या चिखलदऱ्याला तर दर हिवाळ्यात, मी रात्री शटर उघडून बसले आहे. आता रीळ नाही. आता अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. ते फोटो मी दहावीच्या मुलांना वर्तुळकंस शिकवताना दाखवते. आतली रेघ आखूड, बाहेरची लांब, पण दोन तासांत दोघीही तीसच अंश फिरल्या, असं सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

कच्छच्या रणातली एक रात्र तुला सांगायचीच आहे. आम्ही नऊ जण होतो, पुणे-अहमदाबादकडचे, मी एकटी बाई आणि वयानं सगळ्यांत मोठी. प्रत्येकाच्या कॅमेऱ्याला दव धरू नये म्हणून विजेवर गरम होणारा पट्टा बांधलेला. माझ्याही. मध्यरात्रीनंतर असं दव पडू लागलं की तिपाईवरून थेंब ओघळायला लागले, आणि एकेकाची पट्ट्याची बॅटरी संपत गेली. आधी त्यांची, मग माझी. पाच तासांचं आभाळ हवं होतं, दोनच तास झाले होते. सगळे आवराआवर करू लागले. मी छावणीच्या स्वयंपाकघरात गेले, आचाऱ्याला उठवलं आणि तवा मागितला. त्यानं मीठ किती देऊ विचारलं. मी म्हटलं, मीठ नको, आणते. बाहेर चारी दिशांना मीठच होतं, माय, पायाखाली, चांदण्यांच्या उजेडातही दिसेल असं पांढरं. ओंजळी भरून आणलं. ओलं होतं, फार तडतडलं. माझी ओढणी फाडून अठरा पुरचुंड्या बांधल्या, प्रत्येकाला दोन-दोन, आणि एक थंड झाली की दुसरी बांधा म्हणून सांगितलं. पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीनं तव्याशी बसलो. नऊच्या नऊ कॅमेऱ्यांत पाच तासांचं आभाळ आलं. सकाळी चहा पिताना त्यांच्यातल्या एकानं विचारलं की हे कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकलात. मी म्हटलं, तेल्हाऱ्याला, माझ्या मायजवळ, ती कांदे पिकवायची. हे सांगताना माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण आचारीही वळून बघायला लागला.

आता रविवारचं. अमरावतीतल्या काही फोटोग्राफरांनी मिळून प्रदर्शन भरवलं आणि माझ्याकडे एक फोटो मागितला. त्यांना लडाखचा हवा होता. मी जुन्या निगेटिव्ह काढल्या, उजेडावर धरल्या, त्यात ती सापडली, अख्खी. कॉम्प्युटरवर मोठी करून पाहिली. वरची वर्तुळं चांगली आहेत, पण तशी आज माझ्याकडे शंभर आहेत. खालच्या रेघेसारखी एकही नाही. मी कात्री न लावता, खालच्या कडेपर्यंत, तो फोटो छापून घेतला आणि खाली पाटी लावली: वरच्या रेघा चांदण्यांच्या, खालची माझ्या आईची.

सकाळपासून पोरं-पोरी येऊन विचारत होती की खालचा उजेड अंधारात कुठला टॉर्च फिरवून काढला. दुपारी माझ्या क्लासची एक मुलगी तिच्या आजीला घेऊन आली. आजी तुझ्याच वयाची असेल, म्हणजे तू असतीस तर. अकोटाकडची, जन्म भाजीच्या वावरात गेलेला. तिनं वरच्या आभाळाकडे पाहिलंही नाही. सरळ खाली वाकली, चष्मा सारखा केला आणि रेघेवर बोट ठेवलं. हॉलवाला पुढे झाला, मी त्याला थांबवलं. बोट फिरत फिरत त्या जाड गाठीपाशी आलं.

"इथी बसली होती काय हे बाई? दांड फुटला असन."

पाटीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी कुणाला सांगितलंही नव्हतं. मग तिनं विचारलं की बाई एकलीच होती काय. मी म्हटलं, नाही, मी होते ना तिथं, फोटो काढत होते. ती माझ्याकडे वळली. "तू फोटो काढला अन् पाणी तिनं एकलीनं देल्लं?" मी हो म्हटलं. आजीनं पुन्हा फोटोकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मान हलवली. म्हणाली, "सीदी रेघ हाय. एकबी वाफा सुटला नाही." माय, मला आजवर जी काही बक्षिसं मिळाली त्यांतल्या कशानं माझी छाती एवढी भरून आली नव्हती. संध्याकाळी प्रदर्शन संपेपर्यंत मी त्या फोटोशेजारीच उभी होते. जो येईल त्याला सांगत होते, हा कांदा, इथून मेथी, इथं दांड फुटला.

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण आजीचा तो प्रश्न चार दिवस झाले मनातून जात नाही, बाई एकलीच होती काय. मी तुझ्या मदतीला खाली का उतरले नाही, याचं कारण तुला कॅमेरा वाटलं. तू बाजारात बायांना सांगायचीस की माही पोट्टी रातभर वावरात एकली बसते, अंधाराले भेत नाही, आणि मी ते ऐकून घ्यायचे. अधूनमधून पुरचुंडी बदलण्यापलीकडे कॅमेऱ्याला माझी गरज नव्हती. मी मोटरीच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून, शेकोटीला चिकटून बसले होते, आणि तुझा कंदील दिसतो की नाही तेवढं बघत होते. मी भीत होते, माय. अजूनही भिते. कुठंही गेले तरी शटर उघडून बॅटरी बंद केली की पहिला अर्धा तास मला मागे वळून बघवत नाही.